मागचा सल व चालूं हंगाम

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

शेतकऱ्याचे शत्रु कोणते असें विचारलें असतां अवर्षण, अतिवृष्टि, कीड आणि पडता बाजारभाव हीं नांवें कोणीहि सांगेल. या शत्रूंविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंहि लिहिलें जाईल. परंतु यांशिवाय आणखी एक शत्रु आहे. तो आभाळांतून उतरत नाहीं कीं बाजारांतून येत नाहीं. तो घरांतच राहतो, आपल्या पंक्तीस जेवतो आणि कोणत्याहि औषधाच्या फवारणीनें मरत नाहीं. हा शत्रु म्हणजे मनांत धरून ठेवलेला मागचा सल होय. वांटणीच्या वेळीं भावानें केलेला दुजाभाव, शेजाऱ्यानें कोरलेला बांध, सोयऱ्यानें चारचौघांत केलेला अपमान, पाण्याच्या पाळीवरून झालेली शिवीगाळ, या गोष्टींस दहा-वीस वर्षें उलटून गेलीं तरी त्या काल घडल्याप्रमाणें मनांत ताज्या असतात.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत, हक्काच्या नोंदी लिहिण्यांत व तक्रारींच्या तारखा देण्यांत गेली. दप्तरांतील कागदांवर बांध, विहीर, रस्ता व वांटणी एवढेच शब्द असत. पण कागद हातीं घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून निघे तें निराळेंच असे. “साहेब, जमिनीचें कांहीं नाहीं, पण त्यानें मला असें बोलावयास नको होतें,” हें वाक्य ज्यानें कचेरींत ऐकलें नाहीं असा कारकून विरळा. या अनुभवावरून शेतकरी बंधूंपुढें चार विचार ठेवण्याचें योजिलें आहे.

सल कसा वाढतो

गाय चरून आली म्हणजे रवंथ करते. पोटांत घाईनें गेलेला चारा ती पुन्हां तोंडांत आणते, सावकाश चघळते व गिळते. त्यायोगें तो चारा पचतो व अंगीं लागतो. मनुष्यहि झालेल्या अपमानाचा रवंथ करतो. पण गाईच्या व त्याच्या रवंथांत मोठा भेद आहे. गाईचा चारा दर खेपेस बारीक होत जातो, आणि मनुष्याचा सल दर खेपेस मोठा होत जातो. प्रथम शेजाऱ्यानें एक शब्द वावगा काढलेला असतो. दुसऱ्या वर्षीं त्याचे दोन होतात. पांचव्या वर्षीं ‘त्याच्या मनांत पहिल्यापासूनच कपट होतें’ असा निश्चय होतो. आणि पंधराव्या वर्षीं, ज्यांनीं तो प्रसंग पाहिलाहि नाहीं अशीं मुलें-नातवंडें त्या शब्दाकरितां एकमेकांचीं तोंडें पाहत नाहींत.

यांतील दुःखद भाग असा कीं, ज्यानें अपराध केला त्यास या रवंथाची झळ लागत नाहीं. तो आपल्या घरीं सुखानें झोंपतो, आणि ज्याचा अपराध झाला तो रात्रभर कुशी बदलतो. म्हणजे पहिली इजा दुसऱ्यानें एकदां केली, आणि पुढील इजा आपणच आपणांस रोज करून घेतों.

चिबड जमीन सर्वांच्या परिचयाची आहे. पाणी हें पिकाचें जीवन. परंतु त्याचा निचरा झाला नाहीं म्हणजे मुळांस हवा मिळत नाहीं, तीं कुजतात, क्षार वर येतात, आणि काळी कसदार जमीन कांहीं वर्षांत पांढरी पडते. ऊंस-पट्ट्यांतील कित्येक गांवीं हा प्रकार डोळ्यांनीं पाहण्यास मिळतो. आठवणींचेंहि तसेंच आहे. मागील अनुभवांवांचून शहाणपण येत नाहीं, म्हणून आठवण ही वाईट नव्हे. तिचा निचरा न होणें वाईट. चिबड जमिनीस उपाय म्हणून आपण चर खणतों व साचलेलें पाणी ओढ्यास लावून देतों. पाण्यास शिव्या देत बांधावर बसून राहत नाहीं.

एका बांधाचा हिशेब

सल सोडा असें सांगणारे पुष्कळ असतात. परंतु शेतकरी हा हिशेबी मनुष्य असल्यानें त्याजपुढें हिशेबच मांडणें बरें.

आपल्याकडे जमिनीची मोजणी ३३ फुटी सांखळीनें होत आली. इंग्रजी अमदानींत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत जी मोजणी व जमाबंदी आरंभिली, तिच्या धर्तीवरच पुढें मुंबई इलाख्यांतील नंबर पडले. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. व असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आतां असें समजा कीं, दोन शेतांमधील बांध १० सांखळ्या, म्हणजे ३३० फूट लांब आहे, व एका धारकानें नांगराच्या प्रत्येक पाळीस थोडा थोडा कोरीत तो दीड फूट, म्हणजे एक हात, सरकविला. क्षेत्र किती गेलें? ४९५ चौरस फूट. अर्धा गुंठाहि पुरा नव्हे. एकरीं दहा क्विंटल ज्वारी धरली तर गुंठ्यास २५ किलो, व या पट्टीस सुमारें साडेअकरा किलो. वर्षाकाठीं साडेअकरा किलो ज्वारी!

याच बांधावरून दोन चुलतभावांचें भांडण प्रस्तुत लेखकाच्या नोकरींत दप्तरास आलें होतें. गांवाचें व माणसांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रथम तोंडातोंडी झाली, मग फेरफारावर हरकत, मग अपील, मग दिवाणी दावा, अशीं बावीस वर्षें गेलीं. बावीस वर्षांची ज्वारी वरील हिशेबानें अडीच क्विंटल. उलटपक्षीं वर्षास सहाच तारखा धरल्या तरी प्रत्येकाचे १३२ दिवस तालुक्याच्या फेऱ्यांत गेले. वकिलाची फी, नकलांचा खर्च, गाडीभाडें व साक्षीदारांचें चहापाणी निराळें.

पण खरें नुकसान कोणत्याच कागदावर नव्हतें. या दोघांची एक वडिलार्जित सामाईक विहीर होती. बोलणें बंद झाल्यावर तिचा गाळ कोणी काढावा हा प्रश्न पडला. थोरला म्हणे, “त्याच्या पिकास पाणी मिळावें म्हणून मी कां खर्च करूं?” धाकटाहि तेंच म्हणे. विहीर बुजत गेली. दोघांचीं बागायत शेतें जिराईत झालीं. एकाच्या मुलानें शहरांत पहाऱ्याची नोकरी धरली, व दुसऱ्याचा मुलगा ट्रकवर गेला. अर्ध्या गुंठ्याकरितां दोन घरांनीं प्रत्येकीं तीन एकरांचें पाणी घालविलें. थोरल्याची आई वारली तेव्हां धाकटा भिंतीपलीकडे असून मातीस गेला नाहीं. लहानपणीं तिनेंच त्यास वाढविलें होतें.

पुढें एका कोरड्या वर्षीं, भूमि अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी होऊन खुणा रोंवल्या गेल्या त्या दिवशीं, दोघे बुजलेल्या विहिरीच्या थारोळ्यावर दोन बाजूंस बसले होते. मोजणीदार निघून गेले, पंच पांगले. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं धाकटा म्हणाला, “दादा, गाळ काढायचा का?” थोरल्यानें खालीं पाहतच उत्तर दिलें, “काढूं. पण काकूच्या मातीला तूं आला नाहींस, हें मला लागलंय.” धाकटा म्हणाला, “मलाही लागलंय, दादा. रोज लागतंय.” यानंतर आठ दिवसांत गाळ काढण्यास सुरवात झाली व पुढील तारखेस तडजोडीची पुरसीस दाखल झाली. बांध कोणाच्या बाजूस किती निघाला, हें त्या दिवसानंतर दोघांपैकीं कोणी बोलून दाखविल्याचें ऐकिवांत नाहीं.

वाचकांनीं या गोष्टींतील एक सूक्ष्म भाग ध्यानांत घ्यावा. थोरल्यानें ‘मला कांहीं वाटत नाहीं’ असें खोटें म्हटलें नाहीं; लागलेलें तें लागलेलें असें स्पष्ट सांगितलें, व मग गाळास हात घातला. सल उच्चारल्यावांचून निघत नाहीं. कांटा काढावयाचा तर तो कोठें रुतला आहे हें आधीं बोटानें दाखवावें लागतें.

तुकोबांचीं खतपत्रें

श्रीतुकाराममहाराजांच्या चरित्रांतील एक प्रसंग वारकरी परंपरेंत सर्वश्रुत आहे. त्यांच्या घरीं वडिलार्जित सावकारी होती व पुष्कळ कुळांकडे येणें होतें. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यांत तुकोबांच्या घरचीं माणसें गेलीं व धंदाहि बुडाला. पुढें त्यांनीं येणें असलेलीं खतपत्रें बाहेर काढलीं. धाकटे बंधु कान्होबा यांच्या संसाराचा विचार करून निम्मीं खतें त्यांस दिलीं, आणि आपल्या वांट्याचीं निम्मीं इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते.

या कथेकडे केवळ भक्तीच्या दृष्टीनें पाहण्याची वहिवाट आहे. पण ती व्यवहाराच्या दृष्टीनेंहि पाहण्याजोगी आहे. त्यांनीं सोडलें तें स्वतःच्या वांट्याचें. भावाच्या वांट्याचें नव्हे. दुसऱ्याचा हक्क सोडून देऊन उदार म्हणवून घेणें सोपें असतें. तो मार्ग त्यांनीं घेतला नाहीं. शिवाय जीं कुळें दुष्काळानें स्वतःच नागविलीं गेलीं होतीं, त्यांजकडील येणें कागदावर कितीहि शोभलें तरी हातीं येणारें नव्हतें. आपणां सर्वांच्या मनाच्या पेटींत अशीं खतें असतात. ‘त्यानें माझी क्षमा मागितली पाहिजे’, ‘तिनें माझे उपकार मानले पाहिजेत’, ‘बापानें मलाहि शिकवावयास पाहिजे होतें’, हीं सारीं मुदत टळलेलीं खतें होत. ऋणको कित्येकदां मरूनहि गेलेला असतो. आपण मात्र व्याजाची आकारणी चालूं ठेवतों.

वाफसा

चालूं क्षणांत जगावें असा उपदेश अलीकडे पुष्कळ ऐकूं येतो. पण शेतकऱ्यास हें तत्त्व कोणी नव्यानें शिकवावें असें नाहीं. त्याजपाशीं त्याकरितां एक शब्द पूर्वापार आहे : वाफसा. पाऊस पडल्याबरोबर पेरतां येत नाहीं, कारण माती चिखल असते. फार थांबलें तर ओल उडून जाते. या दोहोंच्या मधली जी वेळ, जेव्हां माती मुठींत दाबली असतां गोळा होतो व बोटानें टिचकी मारतांच फुटतो, ती वाफशाची वेळ. हलक्या जमिनींत ती लौकर येते व लौकर जाते; भारी काळ्या जमिनींत उशिरां येते. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. मागील सालीं पीक बुडालें म्हणून यंदाचा वाफसा दोन दिवस अधिक राहत नाहीं, व पुढील सालची चिंता केली म्हणून तो लौकर येत नाहीं.

जो शेतकरी त्या घटकेस तिफण घेऊन शेतांत असतो त्याचें साधतें. जो त्या दिवशीं तारखेकरितां कचेरीच्या ओसरीवर बसलेला असतो, किंवा शेतांत असूनहि शेजाऱ्याच्या बांधाकडे डोळे लावून मनांत धुसफुसत असतो, त्याची पाभर वांकडी जाते व बीं कोठें दाट, कोठें विरळ पडतें. बैलांस हें माणसापेक्षां अधिक समजतें. धनी रागांत असला म्हणजे कासरा ओढला जातो, आणि ज्याचा कांहीं अपराध नाहीं अशा जनावराच्या पाठीवर चाबूक उमटतो. घरींहि तोच प्रकार; बांधावरचा राग चुलीपाशीं निघतो, व लेंकरें बापाची चाहूल लागतांच गप्प होतात. लेंकराच्या बालपणासहि वाफसा असतो. तो गेल्यावर बाप कितीहि प्रेमळ झाला तरी ती पेरणी साधत नाहीं.

सोडणें म्हणजे काय नव्हे

येथें एका गैरसमजाचा निरास करणें अवश्य आहे. सल सोडणें म्हणजे हक्क सोडणें नव्हे. कोणी आपली जमीन बळकावली असतां ‘जाऊं द्या, मनास लावून घेऊं नका’ असें म्हणणारे लोक बहुधा बळकावणाऱ्याचे सोबती असतात. हक्काकरितां कायदेशीर इलाज अवश्य करावा. अर्ज द्यावा, मोजणी मागावी, पुरावा ठेवावा. फक्त तो इलाज शेतांतील तण काढावें तसा करावा. तण काढणारा मनुष्य तणाचा द्वेष करीत रात्र जागत नाहीं.

दुसरें असें कीं, ‘विसरून जा’ हा उपदेश आपल्या समाजांत बहुधा दुर्बळालाच केला जातो. विशेषतः बहिणीला. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तरीहि हक्कसोडपत्रावर सही घेण्याकरितां तिला लुगडें-चोळी देऊन, ‘माहेर तुटेल’ असें सांगून कचेरींत आणलेली आम्हीं शेंकडों वेळां पाहिली आहे. ती स्वखुषीनें सोडीत असेल तर तो तिचा मोठेपणा. परंतु घेणाऱ्यानें तिला मोठेपणाचा उपदेश करावा, हें शोभत नाहीं. क्षमा ही देणाराची वस्तु आहे. ती वसूल करतां येत नाहीं.

मिटविण्याचे मार्ग

मनानें मिटविलें तरी कागदानें मिटलें नाहीं तर पुढील पिढी तें उकरून काढते. म्हणून कांहीं मार्ग येथें थोडक्यांत देतों.

१. हद्दीचा वाद असेल तर आधीं तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. मोजणी आतां उपग्रहाच्या साहाय्यानें चालणाऱ्या यंत्रांनींहि होते. मोजणीच्या दिवशीं दोन्ही पक्षांनीं जातीनें हजर राहावें, व खुणा रोंवल्यावर दगड दोघांनीं मिळून पक्के करावे.

२. वांटणी सर्वांच्या संमतीनें व्हावयाची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ८५ अन्वयें तहसीलदारांकडे अर्ज करतां येतो. तोंडी वांटणीवर विसंबून राहूं नये. बहुतेक भांडणांचें बीं तेथेंच पडतें.

३. बांधावरून शेतास जाण्याच्या रस्त्याकरितां त्याच संहितेचें कलम १४३ आहे. आणि पूर्वापार वहिवाटीचा रस्ता वा पाणी अडविलें असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ अन्वयें तहसीलदारांकडे दाद मागतां येते. विलंब न करितां जावें.

४. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यांत व दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यांत, अशी अदलाबदल निदान १२ वर्षांची असेल तर त्याकरितां राज्य सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें सलोखा योजना काढली. तींत शेतजमिनीच्या अदलाबदल दस्तास मुद्रांक शुल्क व नोंदणी फी प्रत्येकीं नाममात्र एक हजार रुपये ठेवण्यांत आली. ही योजना प्रथम दोन वर्षांकरितां होती. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं मुदतीची चौकशी तलाठ्याकडे, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, करून घ्यावी.

५. दावा न्यायालयांत पोंचला असला तरी लोकअदालतीचा दरवाजा उघडा असतो. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ अन्वयें तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच मानला जातो, त्यावर अपील नाहीं, व भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाहीं ही गोष्ट कित्येकांस उणीव वाटते. आमच्या मतें तोच तिचा मोठा गुण होय. भांडणास शेवट असावा लागतो.

रोजच्या आचरणांत

कायद्याचे मार्ग सांगणें सोपें. मनाचा मार्ग प्रत्येकास स्वतःच काढावा लागतो. तथापि अनुभवानें उपयुक्त ठरलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतों. पहिली, भांडणाची कहाणी दर नव्या माणसास नव्यानें सांगूं नये. प्रत्येक सांगण्यानें ती एक पाणी अधिक पिते. दुसरी, मुलांना वारसा म्हणून जमीन द्यावी, वैर देऊं नये. ‘त्यांच्या घरीं जाऊं नको’ हे शब्द लेंकरापाशीं काढण्यापूर्वीं, त्यास अडीअडचणींत उद्यां पहिली हांक कोणास मारावी लागेल, हें आठवावें. तिसरी, हातांत काम असेल तेव्हां मन हातांत आणावें. खुरपणी करतांना खुरप्याकडे, धार काढतांना कासेकडे, जेवतांना भाकरीकडे पाहावें. हें ऐकण्यास क्षुल्लक वाटतें. पण मन मागें पळूं लागलें असतां त्यास वळविण्यास याहून सोपा कासरा नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं सणांची योजना केली तींतहि हाच हेतु दिसतो. संक्रांतीस तिळगूळ, दसऱ्यास सोनें. वर्षांतून दोन वेळां तरी मनुष्यानें दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जावें, हात पुढें करावा, आणि मागील हिशेबाचा प्रश्न न काढतां परत यावें. ज्याच्याशीं बोलणें आहे त्यासच तिळगूळ देऊन आपण त्या सणाचा निम्मा अर्थ वायां घालवितों. ज्याच्याशीं बोलणें नाहीं त्याचें दार हेंच त्या दिवशींचें खरें ठिकाण होय. समोरचा घेईलच असें नाहीं. त्यानें दार लावून घेतलें तरी आपल्या बाजूचा निचरा झाला, एवढें समजून परत फिरावें व आपल्या कामास लागावें.

जमीन जुन्या गोष्टी धरून ठेवीत नाहीं. मागील पिकाचीं धसकटें ती आपल्यांत कुजवून घेते व त्यांचेंच खत करून पुढील पिकास देते. नांगरट ही तिचीहि दुखापतच आहे. पण त्या चिरेंतूनच पाऊस आंत मुरतो. जिच्यावर आपण पिढ्यान् पिढ्या पोट भरतों, तिच्यापासून एवढा एक गुण शेतकऱ्यानें घेतला तर कचेऱ्यांतील दप्तरें हलकीं होतील आणि गांवोगांवच्या सामाईक विहिरींचा गाळ वेळेवर निघेल. पुढचा पाऊस मृगांत पडो वा आर्द्रांत, त्या वेळीं आपण शेतांत असूं व मनानेंहि शेतांतच असूं, एवढी तयारी प्रत्येकानें आजपासून करावी, अशी विनंति आहे.